दुखणं खरं, धोका खोटा: जुनाट वेदनेवर मन-शरीर पद्धतीनं काम सुरू करताना

कंबर असो, मान असो, डोकं, ओटीपोट नाहीतर तळपाय, दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला जुनाट म्हणतात. हा आकडा उगाच ठरलेला नाही. मुरगळलेला घोटा, लचकलेली पाठ, अगदी साधं मोडलेलं हाडसुद्धा तेवढ्या अवधीत बहुतेक वेळा भरून येतं. ज्याचं दुखतंय त्याला मात्र काही भरून आल्यासारखं वाटत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. दुखतं ते दुखतंच.

मन-शरीर पद्धतीचं म्हणणं असं: अशा बऱ्याच दुखण्यांत मूळ इजा बरी झालेली असते, किंवा कधी नव्हतीच, पण मेंदू आणि मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवायचं थांबत नाहीत. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तशी त्यांची गत होते. वाकणं, बसणं, जिना चढणं या निरुपद्रवी गोष्टींनाही त्या इजेसारखं उत्तर देऊ लागतात. सवयीनं पक्की झालेली ही घंटा मोडता येते, कारण जे शिकलं गेलं ते पुसटही करता येतं.

‘सगळं तुमच्या मनाचं आहे’ या टोमण्याशी याचा संबंध नाही. मज्जातंतूंची टोकं मुळात ‘वेदना’ पाठवतच नाहीत. ती दाब, ताण, उष्णता, सुजेतली रसायनं यांची खबर पाठवतात. ती खबर मज्जारज्जूत कधी दाबली जाते, कधी फुगवली जाते (मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला ‘गेट’चा सिद्धांत तो हाच). शेवटी मेंदू आधीचे अनुभव, भीती, अपुरी झोप, डोक्यावरचा ताण असं सगळं जमेस धरून ठरवतो की दुखवायचं की नाही. कापून टाकलेला पायही दुखतो, तो याच कारणानं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली व्याख्या सुधारली तेव्हा वेदना ही इजेशी निगडित ‘किंवा तसा भासणारा’ अनुभव आहे, अशी दुरुस्ती तिच्यात केली. एवढ्या दोन-तीन शब्दांत या लेखाचा बराचसा विषय आला.

आधी तपासणी, मग हे सगळं

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. पुढच्यापैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा: लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, हातापायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्या-आदळल्यानंतर किंवा बराच काळ स्टेरॉइड घेत असताना सुरू झालेलं दुखणं, कुठल्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची कळ. ताबा सुटणं आणि मांड्यांमधला बधिरपणा यांत तर तासांचा हिशेब असतो, त्यामुळे थेट तातडीच्या विभागात जायचं. छातीत दुखणं आणि वीज पडावी तशी अचानक उठलेली डोकेदुखी यांनाही हाच नियम.

एक गोष्ट सहज निसटते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग आखडलेलं राहतं, हालचालीनं मोकळं होतं आणि विश्रांतीनं बिघडतं, असं असेल तर सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. त्याला औषध आहे आणि ते वेळेवर मिळायला हवं.

तपासण्या झाल्या की हातात एमआरआयचा रिपोर्ट येतो, आणि खरा घोळ इथे सुरू होतो. ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘झीज झाली’ हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस आपली पाठ काचेची असल्यासारखा वागू लागतो. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत (मणक्यांमधल्या गाद्यांत) झीज होती, तर ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. चकती फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. लक्षात घ्या, यांच्यापैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. सुरकुत्या चेहऱ्यावर येतात तशा आतही येतात. म्हणून डॉक्टरांना ‘रिपोर्टमध्ये काय आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘रिपोर्टमध्ये दिसतंय ते माझ्या दुखण्याच्या जागेशी, माझ्या ताकदीशी आणि तपासणीत आढळलेल्या खुणांशी जुळतं का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ किंवा ‘फारसं नाही’ असेल तर पुढे वाचा. जुळत असेल तरी पुढचं वाया जाणार नाही, कारण इजा आणि अतिसावध मज्जासंस्था एकाच शरीरात सुखानं नांदतात. फक्त उपचार दोन्हींवर लागतात.

आपल्या दुखण्याचा पुरावा गोळा करा

मेंदूला ‘धोका नाही’ हे नुसतं सांगून पटत नाही. पुरावा लागतो, आणि तो स्वतःच्याच दुखण्यातून काढावा लागतो. एक कागद घ्या आणि दहा दिवस नोंदी करा. कशाच्या?

दुखणं कुठल्याही अपघाताशिवाय, पण आयुष्यातल्या ओढाताणीच्या काळात सुरू झालं का? जागा बदलतं का, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं का, दोन्हीकडे आरशातल्यासारखं एकसारखं आहे का? त्याच खुर्चीत सोमवारी दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं होतं का? काम करताना काही नाही, पण दुसऱ्या दिवशी ठणका, असं? आवडत्या गोष्टीत गुंतल्यावर तासभर विसरायला होतं का? हवामान, एखादा आवाज, ठरावीक माणसाचा फोन यांनी वाढतं का? सोबत पोटाचा त्रास, अर्धशिशी, जबडा आवळला जाणं अशा तक्रारी आलटूनपालटून येतात का?

मोडलेलं हाड वार बघून दुखत नाही. दुखण्याच्या वागण्यात असा लहरीपणा जितका अधिक, तितकी घंटाच बिघडल्याची शक्यता अधिक. एक छोटी चाचणीही करून बघा. स्वस्थ बसून डोळे मिटा आणि ज्या हालचालीला घाबरता ती करत असल्याची सविस्तर कल्पना करा. शरीर तसूभरही हललेलं नसताना कळ आली किंवा पाठ आवळली, तर ती हालचालीनं आलेली नाही हे उघड आहे.

दहा दिवसांनी नोंदवही बंद करा. हे आवर्जून सांगतो, कारण वेदनेची डायरी वर्षानुवर्षं लिहिणारे असतात आणि त्यांचं दुखणं त्या डायरीवरच पोसलं जातं. आपल्याला पुरावा हवा होता, पहारा नव्हे. कागदावर दुखण्याच्या लहरीपणाची पाच-सहा ठळक उदाहरणं उरली की झालं. तो कागद जवळ ठेवा, भडका उडेल तेव्हा लागेल.

मुख्य सराव: वेदनेकडे न घाबरता बघणं

याला सोमॅटिक ट्रॅकिंग म्हणतात. पेन रिप्रोसेसिंग थेरपीचा, म्हणजे वेदनेला धोका न समजायला मेंदूला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचा, तो गाभा आहे. दुखणं १० पैकी २ ते ४ असेल अशी वेळ निवडा. ७-८ च्या भडक्यात हा सराव करायचा नाही. पुरात पोहायला शिकत नाहीत.

आरामात बसा किंवा पडा. पहिलं मिनिटभर श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग लक्ष सावकाश दुखऱ्या जागी न्या आणि वर्णन करायला लागा, जणू ते दुसऱ्या कुणाला कळवायचं आहे. डाव्या कमरेत, माकडहाडाच्या जरा वर. नाण्याएवढी जागा की तळहाताएवढी? कडा स्पष्ट की पुसट? ठणका, जळजळ, ओढ, मुंग्या, दाब, यांतलं नक्की काय? एकसंध आहे की लाटेसारखं येतं-जातं? आता जरा डावीकडे सरकलं का? काहीही बदलायचा प्रयत्न नाही. वाढलं तर ‘वाढलं’, ओसरलं तर ‘ओसरलं’.

मधूनमधून स्वतःला साध्या शब्दांत सांगा: ‘ही खरी संवेदना आहे. पाठ तपासून झाली आहे, शाबूत आहे. घंटा वाजतेय, आग नाही.’ शब्द स्वतःचे घ्या, पाठ केलेल्या वाक्यांना मेंदू भुलत नाही. थोडी थट्टाही चालते. ‘आलात का, बसा’ असं मनात म्हणून वेदनेकडे बघणाऱ्याचा श्वास आपसूक सैल होतो. शेवटी एक मिनिट लक्ष शरीरातल्या ठीकठाक जागी न्या. हाताचे पंजे, कानाच्या पाळ्या, काहीही चालेल. सगळं मिळून ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. तीनदा कमाल.

आता इथे काय चुकतं ते बघू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

पहिली चूक सर्वांत चिवट. सराव चालू असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहणं, की कमी झालं का? वेदना घालवण्यासाठी केलेला सराव मेंदूला हेच कळवतो की ही गोष्ट घालवण्याजोगी, म्हणजे धोक्याची आहे. हेतू एवढाच ठेवायचा, की या दहा मिनिटांत मला तिची भीती थोडी कमी वाटावी. वेदना तशीच राहिली आणि खांदे सैल झाले, तर सराव उत्तम झाला.

दुसरी चूक म्हणजे दिवसाला वीस वेळा करणं. तोही पहारा, फक्त नाव वेगळं. तिसरी, पहिल्या मिनिटात वेदना वाढली म्हणून सोडून देणं. लक्ष वळवलं की संवेदना आधी मोठी वाटतेच, दोन-तीन मिनिटं थांबा. पण वेदनेबरोबर भीतीही चढतच गेली, श्वास अडकू लागला, तर रेटू नका. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, उठा, दुसरं काही करा. वेदना फार असताना टाळणं हा पळपुटेपणा नव्हे, ती शहाणी चाल आहे.

हालचाल परत मिळवणं

नुसतं बसून सराव केला आणि वाकायचं टाळलं तर मेंदू तुमच्या बोलण्यापेक्षा वागण्यावर विश्वास ठेवतो. म्हणून टाळलेल्या हालचालींची शिडी करायची. पुढे वाकण्याची शिडी साधारण अशी: खुर्चीत बसून हात गुडघ्यांवरून घोट्यांकडे सोडणं, ५ वेळा. मग उभ्यानं टेबलावरची वस्तू उचलणं. मग गुडघ्याएवढ्या उंचीची. मग जमिनीवरचं हलकं पुस्तक. मग जमिनीवरची ५ किलोची पिशवी. प्रत्येक पायरीवर वेदनेला गुण देऊ नका, भीतीला द्या, १० पैकी. भीती सलग तीन दिवस ३ च्या खाली राहिली की पुढची पायरी. पाठ ताठ धरून, श्वास रोखून, तोंड वेडंवाकडं करून जमिनीवरचं पुस्तक उचललं, तर ते उचललं असं धरायचं नाही. मेंदू त्यातून ‘केवढं संकट टळलं’ एवढंच शिकतो. सैल अंगानं अर्धंच वाकलेलं बरं.

चालणं, बसणं, संगणकावर काम अशा वेळेनं मोजायच्या गोष्टींसाठी हिशेब निराळा. तीन दिवस सहज किती जमतं ते मोजा. १२, २० आणि १३ मिनिटं चालता आलं तर सरासरी १५, त्यातून पाचवा हिस्सा कमी केला की १२. रोज १२ मिनिटं चालायचं. बरं वाटलं तरी १२, कुरकुरलं तरी १२. थांबायचं ते घड्याळ बघून, वेदना बघून नाही. दर तीन-चार दिवसांनी दहा टक्क्यांच्या आसपास वाढवायचं, म्हणजे १३, मग १४ किंवा १५. चांगल्या दिवशी ताणून करणं आणि मग दोन दिवस आडवं पडणं हा जो झोपाळा बऱ्याच जणांचा चालू असतो, तो थांबवण्यासाठी हा सगळा खटाटोप. महिनोन् महिने न वापरलेले स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतील. ती सरावाची अंगदुखी, तिला इजा समजू नका.

कमरेचा पट्टा, खास उशी, ‘माझी’ खुर्ची, बसण्याआधी गादी चाचपणं या कुबड्या एकेक करून काढा, एका वेळी एकच आणि आधी सर्वांत कमी महत्त्वाची. औषधं मात्र या यादीत नाहीत. ओपिऑइड, प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर गंभीर त्रास होऊ शकतो. त्या कमी करायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं.

मनात दाबून ठेवलेलं

न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो (१९२३–२०१७) यांनी पाठदुखीमागे दाबलेला राग असतो असं ठामपणे मांडलं. त्यांचं शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण, स्नायूंचा रक्तपुरवठा कमी होतो वगैरे, पुढे सिद्ध झालं नाही. भावनांकडे बघितल्यावर दुखणं हलतं, हे निरीक्षण मात्र टिकलं. अमेरिकेतल्या वयस्क माजी सैनिकांवरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दडपलेल्या भावना ओळखून व्यक्त करायला शिकवणारी उपचारपद्धती घेतलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांची वेदना निदान ३० टक्क्यांनी उतरली. नेहमीच्या विचार-वर्तन उपचारानं तसं १७ टक्क्यांच्या बाबतीत झालं.

घरच्या घरी करायचा भाग लिहिण्याचा. सलग तीन किंवा चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, हातानं, न थांबता. विषय: जे कुणाला सांगता येत नाही ते. वडीलधाऱ्यांवरचा राग, कामाच्या ठिकाणचा अपमान, आजारी माणसाची सेवा करताना आलेला वीट, त्या विटाची लाज. व्याकरण, अक्षर, न्याय काही बघायचं नाही. ‘त्यांचंही बरोबरच होतं म्हणा’ हे वाक्य उमटू लागलं की ओळखा, झाकण परत बसतंय. वेळ संपली की कागद फाडून टाका, वाचत बसू नका. लिहिल्यावर तासभर जड वाटणं नेहमीचं. दिवसभर तसंच राहत असेल, झोप उडत असेल, किंवा लिहिताना मारहाण, अत्याचार अशा आठवणी उसळत असतील, तर हे काम एकट्यानं करण्याचं नाही, प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करा. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला आणि मदत घ्या.

ज्यांना सगळं नीटनेटकंच लागतं, ‘नाही’ म्हणता येत नाही, स्वतःच्या चुकांवर जे कोरडे ओढतात, त्यांनी दिवसात दहा वेळा स्वतःशी काय बोलतो ते ऐकावं. ती बोलणीही घंटेला कळतात.

भडका उडेल तेव्हा

उडेलच. बरं वाटू लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास. त्या दिवशी विचार करायची ताकद नसते, म्हणून योजना आधीच लिहून ठेवा. नवीन काही लक्षण आहे का, वरच्या धोक्याच्या यादीतलं काही आहे का? असेल तर डॉक्टर. नसेल तर पुराव्याचा कागद वाचा. शेक, कोमट पाण्याची अंघोळ, नेहमीची वेदनाशामक गोळी, काय दिलासा देईल ते घ्या, अपराधी वाटू न देता. त्या दिवसापुरती चालण्याची मिनिटं अर्धी करा, शून्य करू नका. इंटरनेटवर लक्षणं शोधणं चोवीस तास बंद. सोमॅटिक ट्रॅकिंग भडका ओसरल्यावर. कधी पाठ शांत होते आणि जबडा किंवा पोट बोलू लागतं. एकदा तपासून घ्या, आणि ते निरुपद्रवी निघालं तर तीच घंटा दुसऱ्या खोलीत वाजतेय असं धरून तोच सराव तिथे.

किती दिवस, आणि कुणाची मदत

पेन रिप्रोसेसिंग थेरपीची पहिली मोठी चाचणी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जुनाट पाठदुखीच्या १५१ जणांवर झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली छापून आले. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा उपचार. त्यानंतर उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले होते. प्लासिबो, म्हणजे नुसता नावापुरता उपचार, दिलेल्या गटात २० टक्के, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. वर्षानंतरही बराचसा गुण टिकून होता. पण हुरळून जाऊ नका. ही माणसं निवडलेली होती. त्यांची वेदना सरासरी १० पैकी ४ च्या आसपास होती, पाठीपेक्षा पाय अधिक दुखणारे वगळले होते, आणि शिकवणारे तरबेज होते. स्वतःच्या स्वतः करणाऱ्यानं तीन ते सहा महिने धरून चालावं.

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, तीन प्रश्न: या आठवड्यात भीतीनं काय टाळलं? दुखण्याचा विचार दिवसाचा किती भाग खातो? कुठली गोष्ट परत करू लागलो? सहसा आधी हे आकडे हलतात, वेदना मागून हलते. आठ आठवड्यांत यांतलं काहीच हललं नाही तर उपचार करणारा माणूस बदला, कुणी नसेल तर शोधा.

फिजिओथेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ निवडताना आधी फोनवर विचारून घ्या: जुनाट वेदनेचे रुग्ण नेहमी बघता का? वेदनेचं शास्त्र रुग्णाला समजावता का? काही आठवड्यांनी मी तुमच्याशिवाय चालावं यासाठी काय करता? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, किंवा ‘तुमची पाठ फार नाजूक आहे, आयुष्यभर जपावं लागेल’ असं तपासण्याआधीच सांगतो, त्याच्याकडे वेळ ठरवू नका.